खासगी जंगलातलं लाकूड विकताय? या चुका टाळा

जमीन आपली, झाडं आपण वाढवलेली, तोडपरवानाही काढलेला. मग परदेशातल्या लाकूड-कायद्यांशी आपला काय संबंध? बहुतेक जंगलमालक असंच धरून चालतात, आणि नुकसानीची सुरुवात तिथेच होते.

बेकायदा मिळवलेल्या वन्यजीवांच्या व्यापाराला आळा घालणारा अमेरिकेचा लेसी कायदा मूळचा १९०० सालचा. २००८ साली त्याची व्याप्ती वाढवून बेकायदा तोडलेलं लाकूड त्याच्या कक्षेत आणलं गेलं. बेकायदा तोडलेलं लाकूड बाजारात आणायला बंदी घालणारा युरोपीय संघाचा लाकूड नियम ३ मार्च २०१३ पासून लागू झाला. आयातीच्या बाबतीत या कायद्यांचा बडगा थेट बसतो तो आयातदारावर, हे खरं. पण आयातदार पुरवठादाराला विचारतो, पुरवठादार आरागिरणीला, आरागिरणी ठेकेदाराला. आणि शेवटी प्रश्न मालकाच्या दारात येतो: हे झाड कुठे उभं होतं, कोणाच्या परवानगीने तोडलं? याचं खात्रीचं उत्तर फक्त मालक देऊ शकतो. ते हाताशी नसेल तर सावध खरेदीदार एक तर भाव पाडतो किंवा माल घेतच नाही. तुमचं लाकूड आज देशाबाहेर जात नसलं, तरी पुढे त्याचं फर्निचर कुठे जाईल ते तुमच्या हातात नसतं.

परवाना ठेकेदाराच्या हाती सोपवून मोकळं होणं

माझ्या मते सगळ्यात धोकादायक चूक हीच. एका परवान्यावर दुसरीकडचं चोरटं लाकूड खपवणं ही या धंद्यातली जुनी युक्ती आहे. लंबर लिक्विडेटर्स या अमेरिकी कंपनीला २०१६ साली लेसी कायद्याखालच्या खटल्यात १ कोटी ३० लाख डॉलरपेक्षा जास्त रक्कम भरावी लागली. त्या प्रकरणात रशियाच्या अतिपूर्वेकडचं ओकचं लाकूड होतं, आणि एका तोडपरवान्यावर मंजुरीच्या कैक पट माल निघाल्याचं समोर आलं होतं. परवान्यावर तुमचं नाव असेल, तर असा जादा माल तुमच्याच जमिनीतला ठरतो. म्हणून मूळ परवाना स्वतःकडे ठेवा, प्रत द्या. प्रत्येक गाडीची तारीख, नग आणि घनमीटर वहीत उतरवा. मंजूर आकडा पूर्ण झाला की परवाना संपल्याचं ठेकेदाराला लेखी कळवा.

मापाची पद्धत न लिहिणं

४ मीटर लांबीचा, मध्यावर १.२ मीटर घेराचा ओंडका घ्या. चौथाई घेराच्या पद्धतीने (घेराच्या चौथ्या हिश्शाचा वर्ग गुणिले लांबी) तो ०.३६ घनमीटर भरतो. तोच ओंडका खऱ्या गोलाकाराच्या हिशेबाने सुमारे ०.४६ घनमीटर होतो. लाकूड तेच, फरक मात्र चौथ्या हिश्शाहून जास्त! परवान्यावर एक पद्धत आणि गिरणीच्या पावतीवर दुसरी असेल, तर तपासणाऱ्याला वाटतं जादा माल घुसवला. मोजमाप सालीसकट की साल काढून, यानेही आकडा बदलतो. तेव्हा प्रत्येक आकड्यासमोर पद्धत लिहा. एवढी एक ओळ पुढचे महिनाभराचे खुलासे वाचवते.

उक्तं विकलं म्हणजे जबाबदारी गेली, असं समजणं

ती गेली की नाही, हे करार ठरवतो. युरोपीय नियमांत माल पहिल्यांदा संघाच्या बाजारात आणणारा जबाबदार असतो. आयातीत तो आयातदार; जंगल संघातच असेल, तर ते विक्रीच्या पद्धतीवर ठरतं. उभी झाडंच विकली आणि खरेदीदाराने ती स्वतःसाठी तोडली, तर सहसा तो जबाबदार. तुम्ही मजुरी देऊन तोडून घेतलीत आणि मग ओंडके विकलेत, तर तुम्ही. लाकडाची मालकी कोणत्या क्षणी बदलते, हे करारात स्पष्ट लिहा. तोंडी व्यवहारात नेमका हाच मुद्दा वादाचा होतो.

जागेचा नकाशा नंतर काढू म्हणणं

युरोपीय संघाच्या २०२३ च्या वनतोडविरोधी नियमाने जमिनीचे अक्षांश-रेखांश महत्त्वाचे केले. सर्वसाधारणपणे ४ हेक्टरपर्यंतच्या तुकड्याला एक बिंदू चालतो, त्याहून मोठ्याला पूर्ण हद्द द्यावी लागते. अंमलबजावणी लांबणीवर पडली, छोट्या उत्पादकांसाठी अटीही सैल केल्या गेल्या, त्यामुळे विक्रीच्या वेळी चालू तरतूद पाहून घ्या. ३१ डिसेंबर २०२० ही सीमारेषा मात्र तशीच आहे: त्यानंतर जंगल तोडून शेती केलेल्या जमिनीवरचा माल चालत नाही. इथे मालक उगाच घाबरतात. झाडं तोडून तिथे पुन्हा जंगलच वाढू दिलं, तर ती या व्याख्येतली वनतोड नव्हे. मात्र नैसर्गिक जंगल साफ करून एकाच जातीची लागवड केलीत, तर तो जंगलाचा ऱ्हास ठरू शकतो.

प्रमाणपत्र दाखवलं की झालं

जंगलाची जबाबदारीने निगा राखल्याचं सांगणाऱ्या एफएससीसारख्या प्रमाणपत्राने जोखीम कमी दिसते, कायद्याची चौकशी टळत नाही. तसंच झाडाचं फक्त बोलीतलं नाव लिहू नका, शास्त्रीय नाव हवंच. शिसवीचा वंश, म्हणजे डालबर्जिया, साइटिस या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला वेगळी कागदपत्रं लागतात.

कागद अपुरे आहेत हे आत्ता लक्षात आलं, तर?

मागच्या तारखेचे कागद अजिबात बनवू नका. साधी त्रुटी एका फटक्यात फसवणूक होते. बुंधे अजून जमिनीत असतील तर त्यांचा घेर मोजा, जागेच्या नोंदीसह फोटो काढा. २०२० मध्ये तिथे जंगल होतं हे दाखवायला लँडसॅट आणि सेंटिनेल-२ उपग्रहांची जुनी छायाचित्रं फुकट मिळतात. परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून प्रमाणित नक्कल मागा. जमवलेले कागद किमान ५ वर्षं जपा, युरोपीय नियमांत नोंदी ठेवण्याची मुदत तेवढीच आहे. आणि ज्या ओंडक्यांचा मेळ लागत नाही, त्यांची थप्पी वेगळी लावा, त्यावर खूण करा. ते चांगल्या मालात मिसळले, तर खरेदीदार अख्खी खेप नाकारू शकतो.