पहिला रिसर्च पेपर लिहायला बसताय?

पाषाणला एनसीएल आणि आयसर, विद्यापीठाच्या आवारात आयुका, अशा संशोधन संस्था इथे आहेत. पुण्यात पीएचडीला नव्याने आलेल्यांचे ड्राफ्ट मी बरीच वर्षं वाचतेय. वाक्य लांबवलं आणि ‘आम्ही’ गाळलं की लिखाण शास्त्रीय होतं, ही समजूत जवळपास प्रत्येकाची असते.

‘आम्ही’ला घाबरू नका. डीएनएच्या दुहेरी सर्पिलावरचा वॉटसन-क्रिक यांचा १९५३ चा लेख जेमतेम पानभराचा आहे आणि त्याची सुरुवातच ‘आम्ही’ने होते. तो ज्या ‘नेचर’मध्ये छापून आला, ते नियतकालिक आजही लेखकांना कर्तरी प्रयोग वापरायला सांगतं. प्रयोगपद्धतीत ‘द्रावण ढवळले गेले’ चालतं, कारण कोणी ढवळलं याच्याशी वाचणाऱ्याला देणंघेणं नसतं. पण निष्कर्षात ‘असे मानले जाते’ लिहिलंत, की गाइड समासात विचारणार: कोण मानतं? तुम्ही, की आधीच्या पेपरवाले?

खरी औपचारिकता नेमकेपणात असते. ‘खोलीच्या तापमानाला रात्रभर ढवळले’ हे वाक्य हमखास सापडतं. एसी नसलेल्या लॅबमध्ये पुण्याचा मे ३५ अंशांच्या पुढे जातो, जानेवारीची सकाळ २० च्या खाली. मग कुठली खोली? (आणि ‘रात्रभर’ म्हणजे किती, हे बरेचदा मेस कधी बंद होते त्यावर ठरतं.) ‘२५ अंश सेल्सियसला १६ तास’ एवढं लिहा, दुसऱ्या लॅबमधल्या माणसाला प्रयोग पुन्हा करता आला पाहिजे.

शंका दाखवायची तर एकदाच. ‘कदाचित असे सूचित होत असण्याची शक्यता आहे’ यात लेखक तीनदा लपलाय. ‘यावरून असे दिसते’ पुरे.

सारांश सगळ्यात शेवटी लिहा, यावर फार बोलत नाही, सगळेच सांगतात.

आकृतीखालच्या मजकुराकडे मात्र कुणी बघत नाही आणि रिव्ह्यूअर (छापण्याआधी पेपर तपासणारा) आधी तिथेच जातो. एरर बार (आलेखात अनिश्चितता दाखवणारी रेघ) स्टँडर्ड डेव्हिएशनचा, म्हणजे मोजमापं किती विखुरलीत त्याचा, की स्टँडर्ड एररचा, म्हणजे सरासरी किती अनिश्चित आहे त्याचा? नमुने तीन म्हणताय, पण ते तीन वेगवेगळे फ्लास्क होते, की एकाच फ्लास्कमधून तीनदा मोजलं? दोन्हींचा अर्थ पार वेगळा आहे, आणि तो सांगायला एक ओळ पुरते.