लग्नाचा स्वागतफलक : आधी जागा, मग सजावट

लग्नाच्या स्वागतफलकाची चर्चा बहुधा रंगांपासून, फुलांपासून किंवा कुठेतरी पाहिलेल्या एखाद्या छायाचित्रापासून सुरू होते आणि तो नेमका कुठे ठेवायचा याचा विचार फलक तयार होऊन आल्यावर होतो. हा क्रम उलटा असायला हवा. फलक कुठे उभा राहणार, तो किती अंतरावरून वाचला जाणार आणि त्या वेळी उजेड कोणत्या बाजूने येणार, या तीन प्रश्नांची उत्तरे हाती असली की आकार, साहित्य, मजकूर आणि अक्षरे यांबाबतचे निर्णय फारशी ओढाताण न होता घेता येतात. ती नसली, तर देखणा फलकसुद्धा पाहुणे न वाचताच ओलांडून जातात.

जागा आणि उंची

समारंभस्थळी एकदा तरी प्रत्यक्ष जावे, शक्य असल्यास समारंभ ज्या वेळी आहे त्याच वेळी जावे आणि वाहन लावण्याच्या जागेपासून दारापर्यंत पाहुण्यासारखे चालत यावे. चालताना नजर आपसूक जिथे वळते, ती फलकाची जागा. दाराच्या अगदी तोंडाशी फलक ठेवण्याचा मोह होतो. परंतु तिथेच लोक थांबतात, एकमेकांना भेटतात आणि फलकापाशी छायाचित्रे काढणाऱ्यांमुळे मागच्यांची वाट अडते. त्यापेक्षा दाराच्या तीन-चार मीटर अलीकडे, वाटेच्या एका कडेला आणि येणाऱ्याच्या दिशेने किंचित वळवून उभा केलेला फलक अधिक उपयोगाचा ठरतो. त्याच्या समोर दोन-चार माणसे उभी राहू शकतील एवढी मोकळी जागा असावी आणि मागची पार्श्वभूमी शांत असावी. चकाकणारी काचेची भिंत, अग्निशमनाची लाल नळकांडी किंवा खुर्च्यांची रास फलकामागे आली, की पुढच्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडते.

उंचीसाठी कलादालनांचा दाखला सोयीचा आहे. तिथे चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर येईल असे चित्र टांगतात. स्वागतफलकावरची नावे याच पट्ट्यात आली पाहिजेत. गुडघ्याच्या उंचीवर मात्र महत्त्वाचे काहीही छापू नये, कारण गर्दीत फलकाचा तेवढा भाग कोणालाच दिसत नाही. ती जागा फुलांना किंवा नक्षीला द्यावी.

आकार कसा ठरवावा

फलक रंगवणारे आणि छापणारे लोक एक ढोबळ हिशोब वापरतात : १० फुटांवरून सहज वाचता यावे यासाठी अक्षराची उंची किमान १ इंच असावी. हा हिशोब रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांवर बसवलेला आहे, म्हणून देवनागरीत उंची मोजताना वेलांट्या, मात्रा आणि उकार सोडून द्यावेत आणि शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतचे अंतर धरावे. नावे ३० फुटांवरून वाचली जावीत अशी अपेक्षा असेल, तर हे अंतर ३ इंच हवे. तारीख आणि स्वागताची ओळ जवळ आल्यावरच वाचली जाते, त्यामुळे त्यांना १ इंच किंवा त्याहून थोडे जास्त पुरते.

यातूनच फलकाचा आकार निघतो. देवनागरी अक्षर साधारण जितके उंच तितकेच रुंद धरले, तर ३ इंच उंचीच्या पाच अक्षरी नावाला १५ इंच जागा लागते. दोन्ही बाजूंना तीन-चार इंच मोकळे सोडले की रुंदी २१-२३ इंचांवर जाते. म्हणूनच २४ × ३६ इंच हा आकार इतका रुळला आहे. कागदाच्या मापांत त्याच्या सर्वांत जवळचा आकार म्हणजे ए-१, अर्थात ५९४ × ८४१ मिलिमीटर. मोजक्या पाहुण्यांच्या घरगुती समारंभात, जिथे फलक आठ-दहा फुटांवरूनच वाचायचा आहे, तिथे त्याच्या निम्म्या क्षेत्रफळाचा ए-२ पुरेसा होतो. उंच छताच्या सभागृहात किंवा मोकळ्या मैदानावर मात्र २४ × ३६ इंचांचा फलकही हरवून गेल्यासारखा वाटतो. तिथे ३ × ४ फुटांच्या खाली जाऊ नये.

आकार ठरवण्याआधी अर्धा तास खर्च करून एक चाचणी करावी. साध्या कागदावर दोन्ही नावे खऱ्या मापात छापावीत, कागद जोडून भिंतीवर चिकटवावेत आणि ठरलेल्या अंतरावर जाऊन पाहावे. संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर सगळेच फलक छान दिसतात. भिंतीवरचा कागद मात्र खरे काय ते सांगतो.

साहित्य

साहित्य निवडताना दिसण्याबरोबर वजन, उजेड आणि वारा यांचाही हिशोब करावा. २४ × ३६ इंचांचा, ५ मिलिमीटर जाडीचा अ‍ॅक्रिलिकचा पत्रा साधारण ३.३ किलो भरतो. त्याच मापाची आणि जाडीची काच सुमारे ७ किलो असते. चित्रकारांची नाजूक लाकडी घोडी अ‍ॅक्रिलिकला कशीबशी पेलते, काचेला नाही. सनबोर्ड आणि फोमबोर्ड हे फोमचे तक्ते अतिशय हलके आणि छपाईला सोपे असतात. बंदिस्त जागेत एका दिवसापुरत्या फलकासाठी त्यांच्याइतका व्यवहार्य पर्याय दुसरा नाही, आणि कडांना पातळ लाकडी चौकट लावली तर ते स्वस्तातले वाटतही नाहीत. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला तक्ता, रंग चांगला धरतो, पण ओलावा लागला की त्याच्या कडा फुगतात. कापडी फलक घडी करून नेता येतो. तो ताणून बसवला नाही, तर नावांवर सुरकुत्या पडतात.

पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची सध्या मोठी चलती आहे आणि सर्वाधिक तक्रारीही त्याच्याच आहेत. पारदर्शक फलकाला स्वतःची पार्श्वभूमी नसते. पांढरी अक्षरे गर्द पानांसमोर उठून दिसतात, तीच फिकट पडद्यासमोर जवळजवळ नाहीशी होतात. हा फलक घ्यायचाच असेल, तर मागे काय असणार हे आधी ठरवावे किंवा पत्र्याच्या पाठीमागून रंगाचे रुंद फटकारे मारून अक्षरांना आधार द्यावा. आरशाच्या फलकाची अडचण याच जातीची आहे : त्यात समोरचे सगळे दिसते, त्यात छायाचित्रकारही आला. आरसा कशासमोर उभा राहणार हे माहीत नसेल, तर तो टाळावा.

खडूफळा हाताने लिहिणाऱ्या माणसाच्या हाती असेल तरच शोभतो. नव्या फळ्यावर आधी खडू आडवा धरून पूर्ण पृष्ठभागावर घासावा आणि तो कोरड्या कापडाने पुसावा. असे केल्याने पहिल्या लिखाणाचे पुसट ठसे कायमचे राहत नाहीत. पाण्याने पुसल्या जाणाऱ्या खडूपेनाने लिहिलेला फलक उघड्यावर दवातही ठेवू नये.

वारा हा उघड्यावरच्या फलकाचा खरा शत्रू आहे. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा झोत २४ × ३६ इंचांच्या फलकावर समोरून आला, तर साडेतीन ते चार किलोंचा रेटा बसतो, आणि तोही घोडीच्या वरच्या भागावर. म्हणजे फलक शिडासारखा वाऱ्याला तोंड देतो. उपाय सोपा आहे. फलक वरच्या दोन्ही कोपऱ्यांत घोडीला पक्का बांधावा, मागचा पाय पुरेसा मागे घ्यावा आणि पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवून त्या फुलांनी झाकाव्यात. काच आणि आरसा यांना उघड्यावर, विशेषतः मुले खेळत असतील तिथे, जागा देऊच नये.

मजकूर आणि अक्षरे

स्वागतफलकाचे काम तेवढेच : पाहुणा योग्य ठिकाणी आला आहे आणि त्याचे स्वागत आहे, हे सांगणे. त्यासाठी स्वागताची एक ओळ, दोन नावे आणि तारीख पुरते. कार्यक्रमाचे वेळापत्रक, बसण्याची व्यवस्था, छायाचित्रांबाबतची विनंती आणि एखादी कविता हे सगळे एकाच फलकावर आणले, की नावांचा आकार लहान होतो आणि वाचण्यासाठी थांबलेल्या लोकांची दाराशी रांग लागते. दिशा दाखवायची असेल, तर बाण असलेला वेगळा, साधा फलक करावा. चित्रसंकेत (क्यूआर कोड) छापून तो मोबाइलने टिपला जावा असे वाटत असेल, तर टिपण्याच्या अंतराच्या एक दशांश एवढी त्याची बाजू ठेवावी, भोवती मोकळी पांढरी चौकट सोडावी आणि तो चकचकीत किंवा आरशासारख्या पृष्ठभागावर छापू नये.

नावे कशी लिहायची हे दोन्ही घरांकडून लेखी घ्यावे. फोनवर सांगितलेल्या नावातला र्‍हस्व-दीर्घाचा फरक ऐकणाऱ्याला कळतोच असे नाही, आणि फलकावर चुकलेली वेलांटी पुढे प्रत्येक छायाचित्रात राहते.

अक्षरवळण निवडताना नावे आणि उरलेला मजकूर यांसाठी दोनच वळणे ठेवावीत : नावांना काहीसे सजलेले, बाकीच्या ओळींना साधे. मुक्त, बलू, लैला, यात्रा, तिरो देवनागरी मराठी अशी अनेक युनिकोड वळणे मुक्त परवान्यावर मिळतात. निवड करण्यापूर्वी त्या वळणात स्वतःचीच नावे टाइप करून पाहावीत. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत की हिंदी वळणाचे, ‘ऱ्या’ नीट जोडला जातो की नाही, ‘श्री’, ‘ज्ञ’, ‘क्ष’ कसे दिसतात, हे नमुन्याच्या वाक्यावरून कळत नाही.

देवनागरीची स्वतःची काही पथ्ये आहेत. रोमन अक्षरांमध्ये शोभेसाठी जागा वाढवतात, तशी ती देवनागरीत वाढवली तर शिरोरेषा तुकड्यातुकड्यांत तुटते आणि शब्द विस्कटतो. दोन ओळींमधले अंतर मात्र रोमनपेक्षा जास्त हवे, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. केसाएवढ्या बारीक रेषांची वळणे पत्रिकेवर मोहक दिसतात, पण फलकावर दहा-बारा फुटांवरून त्यांच्या आडव्या रेषा विरून जातात. व्हिनाइल (पातळ, चिकट प्लॅस्टिक) कापून अक्षरे चिकटवायची असतील, तर अनुस्वारांकडे विशेष लक्ष द्यावे. अनुस्वाराचा ठिपका हा सुटा, लहान तुकडा असतो. चिकटवताना तो कागदासोबत उचलला जातो आणि ‘नंदिनी’ची ‘नदिनी’ होते. कापणाऱ्याला काही ठिपके जास्तीचे कापून द्यायला सांगावे आणि ते हाताशी ठेवावेत.

रंगांबाबत माझे मत थोडे रुक्ष आहे : आधी फरक, मग रंगसंगती. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला गडद-फिकटपणाचा फरक पुरेसा आहे की नाही, हे फलकाचे छायाचित्र कृष्णधवल करून पाहिले की लगेच कळते. मोतिया रंगावर सोनेरी अक्षरे ही जोडी या कसोटीवर वारंवार नापास होते. त्यातही सोनेरी वर्ख आरशासारखा वागतो. समोर उजेड असेल तर झळकतो, नसेल तर काळपट दिसतो. सोनेरी हवेच असेल, तर ते गडद हिरव्या, निळ्या किंवा तपकिरी रंगावर घ्यावे किंवा फक्त कडेच्या नक्षीला द्यावे.

उजेड

संध्याकाळचा समारंभ असेल, तर फलकाला स्वतंत्र दिवा हवा. तो समोरून सरळ टाकला तर चकाकी पाहणाऱ्याच्या डोळ्यांत येते. वरून, साधारण ४५ अंशांच्या कोनातून टाकावा. पिवळसर दिव्याखाली पांढरा रंग मोतिया होतो, हेही रंग ठरवताना लक्षात ठेवावे. शक्य तिथे चकचकीत पृष्ठभागाऐवजी मॅट घ्यावा, कारण छायाचित्रकाराच्या फ्लॅशपुढे चकचकीत फलकावर फक्त पांढरा डाग उरतो.

छपाईला देताना

फाइल खऱ्या मापातली पीडीएफ असावी आणि तिच्या चारही बाजूंना कापणीसाठी ३ मिलिमीटर जादा पार्श्वभूमी ठेवावी. छायाचित्र वापरायचे असेल, तर खऱ्या मापात १५० डीपीआय (दर इंचाला १५० ठिपके) पुरतात. २४ × ३६ इंचांसाठी याचा अर्थ ३६०० × ५४०० पिक्सेल असा होतो. मोबाइलवरच्या संदेशातून आलेले छायाचित्र बहुतेक वेळा आकुंचन पावलेले असते, म्हणून मूळ प्रतच मागवावी. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे अक्षरे आकृतींमध्ये रूपांतरित करून द्यावीत. छापणाऱ्याच्या संगणकावर तो फाँट नसेल, तर जोडाक्षरे सुटतात, र्‍हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, आणि ती लिपी न वाचणाऱ्या कारागिराला त्यात काही चुकले आहे हे कळण्याचे कारण नाही. रूपांतरित न केलेली एक प्रत दुरुस्तीसाठी स्वतःकडे जपून ठेवावी.

छापण्यापूर्वीचा नमुना आजवर तो मजकूर न पाहिलेल्या व्यक्तीकडून वाचून घ्यावा; ज्यांनी तो दहा वेळा पाहिला आहे, त्यांना चूक दिसत नाही. तारीख आणि वार एकमेकांशी जुळतात का, हे दिनदर्शिका समोर ठेवून तपासावे.

फलक किमान तीन दिवस आधी हातात यावा, म्हणजे चूक निघाली तर तो पुन्हा छापता येतो. अ‍ॅक्रिलिकवरचे संरक्षक आवरण समारंभस्थळी पोहोचल्यावरच काढावे आणि काच पुसण्याचे अमोनियायुक्त किंवा अल्कोहोलयुक्त द्रावण त्यावर वापरू नये, कारण त्याने पत्र्यावर बारीक तडे जातात. साबणाचे सौम्य पाणी आणि मऊ कापड पुरते. फलक उभा करण्याचे काम एका ठरावीक माणसाकडे सोपवावे आणि त्याच्याकडे बांधण्याची तार, दुहेरी चिकटपट्टी, कात्री, जास्तीचे ठिपके आणि जागा दाखवणारे छायाचित्र असावे. फलक लागल्यावर त्याने वाटेच्या सुरुवातीला जाऊन मोबाइलवर एक छायाचित्र घ्यावे; त्यात झूम न करता नावे वाचता येत नसतील, तर पाहुणे यायला लागण्यापूर्वीच फलक पुढे सरकवावा किंवा दिव्याचा कोन बदलावा.