दानाआधी देणी: ख्रिस्ती कुटुंबाने आपला हिशेब कसा तपासावा

पृथ्वीवर नव्हे तर स्वर्गात संपत्ती साठवा, कारण जेथे धन तेथे मन, ही बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील शिकवण उपासनेत वारंवार कानावर पडते. पण घरच्या हिशेबात ती उतरवायची कशी, हे क्वचितच सांगितले जाते. त्यासाठी गेल्या काही महिन्यांचे बँकेचे पासबुक आणि किराणा-दुकानाची वही घेऊन नवरा-बायकोने एका संध्याकाळी बसावे. मिळवती मुले असतील तर त्यांनाही बोलवावे.

सुरुवात दशमांशापासून, म्हणजे देवाला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या भागापासून करू नये, दुसऱ्याच्या थकलेल्या पैशापासून करावी. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात यरीहोचा जक्कय, जो जकातदारांचा मुख्य होता, अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देऊ करतो. पण तेवढ्यावर न थांबता, ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट परत करण्याचेही कबूल करतो. म्हणून घरकामाच्या बाईंचे खाड्यांपोटी कापलेले पैसे, शेतमजुराची राहिलेली रोजंदारी, भावाकडून घेतलेली उसनवार, या सगळ्याची यादी करून प्रत्येक नावापुढे फेडीची तारीख लिहावी. अडकवून ठेवलेली मजुरी ओरड करते, असे याकोबाच्या पाचव्या अध्यायात आहे. ती ओरड चालू असताना अर्पणाच्या थैलीत टाकलेल्या जाड पाकिटाला मी तरी दान म्हणणार नाही. आईवडिलांच्या औषधपाण्याचा खर्चही याच यादीत धरावा, कारण जे तुम्हाला द्यायचे ते देवाला अर्पण केले आहे, असे सांगून त्यांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना येशूने मार्कच्या सातव्या अध्यायात चांगलेच फटकारले आहे.

देणी मार्गी लागली की अर्पणाचा आकडा ठरवावा. दशमांश ही जुन्या करारातील रीत असून आजही अनेक मंडळ्यांत (चर्चमध्ये) ती पाळली जाते. प्रेषित पौल मात्र २ करिंथ ९:७ मध्ये, ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे आणि संतोषाने द्यावे, असे सांगतो. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या विधवेचे दान येशूने सर्वांत मोठे ठरवले, तेव्हा रक्कम शेजाऱ्याच्या पावतीशी ताडून पाहण्यात काही अर्थ नाही. काही भाग नावाशिवाय द्यावा, म्हणजे वार्षिक अहवालात आपले नाव शोधण्याची वेळ येणार नाही.

उरलेल्या वस्तूंबाबत एकच प्रश्न पुरतो: ही वस्तू शेवटची कोणाच्या उपयोगी पडली? दारातली चारचाकी रात्री शेजारच्या आजारी माणसाला दवाखान्यात नेण्यासाठी निघत असेल, तर ती विकण्याची घाई नको. धूळ बसेल म्हणून कोणाला हातही लावू दिला जात नसेल, तर मात्र विचार करावा. १ तीमथ्य ६:१० मध्ये वाइटाचे मूळ म्हटले आहे ते पैशाच्या लोभाला, पैशाला नव्हे.

सर्वस्व सोडण्याची हाक काहींना येतेही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तानुयायांचा बंधुसमाज मांडला. असे पाऊल उचलण्याचे मनात असेल, तर आधी वर्षभराचा घरखर्च, मुलांची फी आणि कर्जाचे हप्ते कागदावर मांडावेत, तो कागद घरातील प्रत्येकाला दाखवावा आणि मगच पाळकांची (मंडळीच्या धर्मगुरूंची) भेट घ्यावी.