लेव्हलमधलं धुकं: डेन्सिटीला हात शेवटी लावा

गेमच्या लेव्हलमध्ये धुकं करताना ‘डेन्सिटी (धुक्याचा दाटपणा) वाढवली की वातावरण तयार होतं’ असा सल्ला मिळतो, तो सोडून द्या. डेन्सिटी सगळ्यात शेवटी येते. उदाहरणाला पावसाळ्यातला सिंहगड घेऊ: आतकरवाडीच्या पायवाटेने चढायचं, पुणे दरवाजातून आत जायचं. कामाच्या पायऱ्या युनिटी या गेम इंजिनच्या (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरच्या) सांगतो. दुसरं इंजिन असेल तर बटणांच्या जागा बदलतील, काम तेच.

आधी धुकं कुठलं ते ठरवा. हिवाळ्यात पहाटे पर्वतीवरून पाहिलं तर धुकं खाली बसलेलं असतं आणि डोक्यावर आकाश मोकळं. पावसाळ्यात गडावर असतो तो खरं तर ढगच, तुम्हीच त्याच्या आत असता. पहिल्या प्रकाराला उंचीबरोबर विरळ होणारं धुकं लागतं. अनरियल या दुसऱ्या इंजिनमध्ये त्यासाठी एक्स्पोनेन्शियल हाइट फॉग आहे. युनिटीच्या साध्या फॉगला उंची कळत नाही, पण गडावरच्या ढगाला तो पुरतो.

लाइटिंग विंडो, एन्व्हायर्नमेंट टॅब, फॉग चालू, मोड एक्स्पोनेन्शियल. झालं.

आता रंग. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेलाय आणि बहुतेक ट्युटोरियल इथेच ‘आवडीचा करडा निवडा’ म्हणून पुढे सरकतात. आवडीचा अजिबात निवडू नका. युनिटीचा साधा फॉग स्कायबॉक्सवर, म्हणजे लेव्हलभोवतीच्या आकाशाच्या चित्रावर, चढत नाही. त्यामुळे लांबचा डोंगर फॉगच्या रंगात पूर्ण बुडतो, मागचं आकाश मात्र आपल्याच रंगात राहतं, आणि डोंगर पुठ्ठा कापून उभा केल्यासारखा दिसतो. लोक मग घाबरून डेन्सिटी वाढवतात. त्याने पुठ्ठा जवळ येतो, जात नाही.

रंग क्षितिजाचाच हवा. तो स्क्रीनशॉटमधून उचलायचा मोह टाळा: टोनमॅपिंग (चित्राचा उजेड आणि रंग स्क्रीनला झेपेल असा शेवटी बदलणं) चालू असेल तर स्क्रीनशॉटमधल्या रंगावर ते एकदा होऊन गेलेलं असतं, फॉगला दिलात की पुन्हा होतं आणि छटा बिघडते. त्याऐवजी खूप लांब, फॉगमध्ये पुरता बुडेल असा एक उंच ठोकळा क्षितिजावर उभा करा आणि तो आकाशात दिसेनासा होईपर्यंत फॉगचा रंग हलवत राहा. मग कॅमेरा चारही दिशांना फिरवा. सूर्याच्या बाजूचं क्षितिज उजळ असतं, त्याच्या विरुद्ध बाजूचं मंद. एक रंग दोन्हीकडे जुळणारच नाही. अशा वेळी फॉगशी झटापट न करता स्कायबॉक्सच्या खालच्या पट्ट्यालाच फॉगचा रंग द्या. पावसाळी गडाला तर स्कायबॉक्सही नको. कॅमेऱ्याचं बॅकग्राउंड त्याच सपाट रंगाचं ठेवा. लेव्हलमध्ये वेळ बदलत असेल तर दोन्ही रंग एकाच व्हेरिएबलमधून घ्या, नाहीतर संध्याकाळी पुठ्ठे परत उगवतील.

ठिणग्यांसारखे अॅडिटिव्ह पार्टिकल (मागच्या रंगात आपला उजेड मिळवणारे कण) असतील तर त्यांचा फॉग काळ्याकडे गेला पाहिजे. तो फॉगच्या रंगाकडे गेला की दूरवर उजळ चौकोन तरंगताना दिसतात.

आता डेन्सिटी, आणि तीही अंदाजाने नाही. वस्तू जिथे जवळपास नाहीशी व्हायला हवी ते अंतर मीटरमध्ये घ्या आणि ३ ला त्याने भागा. पुढचं वळण ६० मीटरवर दिसेनासं करायचं तर ०.०५. तेवढ्या अंतरावर वस्तूचा मूळ रंग सुमारे ५ टक्के उरतो. फार क्लिप प्लेन (ज्याच्या पलीकडचं कॅमेरा दाखवतच नाही ती हद्द) मात्र ५ भागिले डेन्सिटी इतका लांब ठेवा, म्हणजे इथे १०० मीटर. तिथे एक टक्काही उरत नाही आणि कापलेली कड दिसत नाही. १९९९ च्या ‘सायलेंट हिल’ने प्लेस्टेशनच्या मर्यादा धुक्यात झाकल्या, त्यावरून नुसता फॉग चालू केला की गेम हलका होतो असा समज आहे. होत नाही. धुक्यामागची झाडं इंजिन रेखाटतच राहतं. वाचतं ते क्लिप प्लेन जवळ घेतल्यामुळे.

एक तपासणी लोक हमखास विसरतात: एका जागी उभं राहून कॅमेरा गर्रकन फिरवा. हा फॉग बऱ्याचदा सरळ अंतराऐवजी कॅमेऱ्यासमोरची खोली मोजतो, म्हणून स्क्रीनच्या कडेला असलेला बुरूज स्पष्ट दिसतो आणि मधोमध आला की पुसट होतो. तसं होत असेल तर शेडरमध्ये (वस्तूचा स्क्रीनवरचा रंग ठरवणाऱ्या कोडमध्ये) फॉग खऱ्या अंतरावर मोजून घ्या.

शेवटी लेव्हल न पाहिलेल्या कुणाला तरी खेळायला बसवा. तो वळणावर थबकून मागे फिरत असेल तर धुकं विरळ करू नका. दरवाजाच्या कमानीत एक कंदील ठेवा आणि त्याच्या ज्योतीच्या मटेरियलवरचा फॉग बंद करा.