प्रॉडवर हात घालण्याआधी

प्रॉडक्शन, म्हणजेच प्रॉड, ही लोक प्रत्यक्ष वापरतात ती चालू सिस्टिम. तिच्या सपोर्टला नव्याने लागलेल्यांसाठी लिहितोय.

ऐरोलीच्या ऑफिसात माझी तिसरीच नाइट शिफ्ट. पहाटेचे चार. स्क्रीनवर दोन विंडो, दोन्ही काळ्या; एक यूएटीची, म्हणजे चाचणीच्या सिस्टिमची, दुसरी प्रॉडची. यूएटीवरचं एक टेबल रिकामं करायचं होतं. ट्रंकेट (टेबलातल्या सगळ्या नोंदी काढणारी कमांड) मारलं आणि दोन मिनिटांत फोन वाजायला लागले. विंडो प्रॉडची होती. ओरॅकल डेटाबेसमध्ये ट्रंकेटला रोलबॅक नाही, म्हणजे ते मागे घेता येत नाही. बॅकअपवरून टेबल परत आणेपर्यंत उजाडलं.

लीड मॅडम ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "एंटर दाबताना प्रॉम्प्टवर काय लिहिलं होतं?" मला सांगता येईना, कारण प्रॉम्प्टवर, म्हणजे कमांड टाइप करतो त्या ओळीच्या सुरुवातीला, नुसतं डॉलरचं चिन्ह होतं. त्याच दिवशी आम्ही प्रत्येक सर्व्हरच्या प्रॉम्प्टमध्ये होस्टनेम (सर्व्हरचं नाव) आणलं आणि प्रॉडच्या विंडोला लाल रंग दिला.

गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीत 31 जानेवारी 2017 ला असंच झालं. रात्री उशिरा दमलेल्या इंजिनिअरला सेकंडरी (जोड) सर्व्हरवरची डेटाबेस डिरेक्टरी काढायची होती, कमांड चालली प्रायमरीवर, म्हणजे मुख्य सर्व्हरवर. सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबी उरले. रोजचा डंप (डेटाबेसची बॅकअप प्रत) सॉफ्टवेअरचं व्हर्जन जुळत नसल्यामुळे होतच नव्हता, आणि हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सहा तासांपूर्वीचा स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या डेटाची प्रत) हाताशी होता म्हणून निभावलं. म्हणून बॅकअप 'आहे' यावर विसंबू नका, तो रिस्टोअर करून पाहिलाय का ते विचारा.

'नीट लक्ष दे' हा सल्ला मला पटत नाही. पहाटे चारला लक्ष उरतच नाही. हात आपोआप थांबेल अशी सोय हवी. रोजचं लॉगिन फक्त वाचण्यापुरतं ठेवा. अपडेट किंवा डिलीटआधी तीच व्हेअर अट (कुठल्या रो ते ठरवणारी) लावून सिलेक्ट, म्हणजे रो नुसत्या दाखवणारी कमांड, चालवा, रो मोजा. सतरा अपेक्षित असताना सतरा हजार आल्या तर तिथेच थांबा. मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये ऑटोकमिट (प्रत्येक बदल लगेच कायम होणं) मुळातच चालू असतं, तिथे आधी ट्रान्झॅक्शन सुरू करा, म्हणजे चुकलेलं अपडेट किंवा डिलीट रोलबॅक करता येईल. मोठी कमांड शेजारच्याला मोठ्याने वाचून दाखवा, होस्टनेमसकट. लाज वाटू देऊ नका.

आणि चूक झालीच तर गुपचूप दुरुस्त करायला जाऊ नका. माझी पहिली दहा मिनिटं त्यातच गेली. तेवढ्या वेळात नव्या नोंदी पडत राहिल्या आणि जुळवणी आणखी अवघड झाली. लगेच लीडला फोन करा, तीनच गोष्टी सांगा: कुठला सर्व्हर, कुठली कमांड, किती वाजता.