बँडची मैदानी कवायत बसवताना: आधी पावलं मोजा

आपल्या कोल्हापुरात शाळेच्या बँडला सरावाला मैदान मिळतं ते बहुतेक वेळा फुटबॉलचंच. त्याचा फायदा घ्या. फक्कीच्या रेघा आयत्या मिळतात. मधल्या वर्तुळाची त्रिज्या ९.१५ मीटर, म्हणजे ६० सेंटिमीटरच्या पावलानं मूल केंद्रापासून १५ पावलांत रेघेजवळ पोचतं. मी पाऊल ६०चंच धरतो. एनसीसीचं तीस इंची पाऊल गळ्यात ड्रम अडकवलेल्या सातवीच्या पोराला झेपत नाही. पहिला आठवडा वाद्यं खोलीतच ठेवा. सहा मीटरवर दोन रेघा मारा आणि दहा पावलांत अंतर कापायला लावा, मुलं खाली बघायचं सोडेपर्यंत.

आता कागद. आलेख वहीचा एक चौकोन म्हणजे दोन पावलं, प्रत्येक मुलाला एक नंबर. पण आकृती काढायच्या आधी धून आठ-आठ ठोक्यांत तोडून लिहा. बिगुलाचा उंच सूर जिथं येतो तिथं पोरं जागेवर कदमताल करतील, चालणार नाहीत. दम लागलेल्या छातीतून तो सूर निघत नाही.

खरी कवायत दोन आकृत्यांच्या मधल्या वाटेत असते. एका २६ जानेवारीला मी चांदणी बसवली होती. कागदावर देखणी दिसत होती. पण बेस ड्रमवाल्या मुलीला आठ ठोक्यांत नऊ मीटर जायचं होतं, म्हणजे एकेक पाऊल चांगलं ११२ सेंटिमीटरचं! पोरगी धावली, ड्रमची कड गुडघ्यावर आपटत राहिली, तरी तिनं ठोका सोडला नाही. तिचा सुजलेला गुडघा बघून मला फार वाईट वाटलं. चूक माझी होती. तेव्हापासून प्रत्येक नंबरपुढं मी अंतर भागिले ठोके लिहितो. उत्तर ७० सेंटिमीटरच्या वर गेलं की ठोके वाढवायचे नाहीतर जागा बदलायची. त्या मुलीला १६ ठोके दिले असते तर पाऊल ५६चं झालं असतं.

वळसा घेतानाही हाच हिशेब. सहाजणांची रांग, दोघांत १.२ मीटर अंतर, आतला मुलगा जागेवर फिरणार. बाहेरचा त्याच्यापासून सहा मीटरवर, म्हणून पाव वर्तुळात त्याला साधारण ९.४ मीटर चालावं लागतं. १६ ठोक्यांत पाऊल ५९ सेंटिमीटरचं पडतं, अगदी बेताचं. आठ ठोक्यांत हा वळसा कुणाकडूनच होणार नाही.

ड्रम मध्यावर आणि मागं ठेवा. आवाजाला ३४ मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, आणि मिनिटाला १२० ठोक्यांच्या चालीत ठोका अर्ध्या सेकंदाचाच. टोकाचा बिगुलवाला कानावर विसंबला तर तो ठोक्याच्या पाचव्या हिश्शानं मागं पडलाच. त्यानं बँड लीडरच्या काठीकडं बघायचं. पुढच्या ओळीनं मात्र मागून येणाऱ्या ड्रमवर वाजवायचं, म्हणजे समोरच्या लोकांना दोन्ही एकत्र ऐकू येतं.

पाहुणे कुठं बसणार, हे आधीच विचारून घ्या. शाहू स्टेडियमच्या वरच्या पायरीवरून वर्तुळ वर्तुळच दिसतं. शाळेच्या मांडवात खुर्चीवर बसलेल्याला तेच वर्तुळ एक जाड रेघ दिसतं. तिथं तिरक्या रांगा लावा आणि मागच्या मुलाला पुढच्या दोघांच्या फटीत उभं करा. एकदा मीही खुर्ची टाकून बघत बसलो होतो, तर मागनं पोरगं ओरडलं, "सर, तुम्ही दिसतच नाही की!" त्याला मी दिसत नव्हतो, म्हणजे मलाही तो दिसत नव्हता.

१५ ऑगस्टची तयारी आपल्याकडं पावसातच होते. चिखलात पाऊल आपोआप आखूड पडतं, म्हणून तेव्हा हिशेब ५५ सेंटिमीटरवर करा. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी लवकर मैदानावर जा, सोबत एक मूल घ्या आणि मधल्या बिंदूपासून चारही टोकांपर्यंत त्याच्याकडून पावलं मोजून घ्या. रात्रीच्या पावसानं फक्की धुऊन गेलेली असते.