डांबरी थरातून पाणी किती झिरपतं, हे जागेवर कसं मोजाल

पुण्यात ही चाचणी जूनआधी उरका. पाऊस लागला की थरातल्या पोकळ्या आधीच ओल्या असतात. जुन्या रस्त्यावर धूळ भरून आकडा फसवा कमी येतो, म्हणून नवा थर थंड झाल्यावर, वाहतूक सोडण्याआधी मोजणं उत्तम.

जागा झाडून कोरडी करा. पारदर्शक उभ्या नळीच्या बुडाची तबकडी रस्त्यावर सीलंटने घट्ट बसवा आणि वर वजन ठेवा, नाहीतर पाण्याचा दाब तिला उचलतो. पाणी हळू ओता, बुडबुडे जाऊ द्या. मग पातळी ५० वरून ४० सेंमीवर यायला लागलेले सेकंद मोजा. तीनदा.

नळीचा छेद १० चौ. सेंमी, थर ४ सेंमी, तबकडीखालचं क्षेत्र १७० चौ. सेंमी, वेळ १०० सेकंद असेल तर झिरपण्याचा दर: (१० × ४) ÷ (१७० × १००) × ०.२२३ = सुमारे ०.०००५२ सेंमी प्रति सेकंद. ०.२२३ म्हणजे ५०÷४० चा नैसर्गिक लॉगॅरिदम.

कडेला लगेच ओल दिसली तर सील गळतंय. ते वाचन फेका. थोड्या वेळाने भोवती पाणी वर आलं, तर ते थरातून आडवं वाहतंय. सूत्र फक्त उभा प्रवाह धरतं, त्यामुळे हा आकडा दोन जागांची तुलना करायलाच वापरावा. थराच्या आकारमानात पोकळ्या ८ टक्क्यांवर गेल्या की झिरपणं झपाट्याने वाढतं, विशेषतः जाड खडीच्या मिश्रणात.